संगणकाच्या तासाला मुलं गेम उघडतात. लॅबचं नेटच काढून टाकू का?

एका शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, लॅबमध्ये वीस-बावीस पीसी, आठवी-नववीच्या एकेका तुकडीत साठच्या आसपास मुलं. मॅडम मूळच्या गणिताच्या, पण संगणकाचा तासही त्यांच्याच गळ्यात पडलेला. मुलं तासाला 'अनब्लॉक्ड गेम्स' नावाच्या साइट उघडतात. आज एक ब्लॉक केली की उद्या दुसरी हजर. ब्लॉक केलेल्यांची यादी चाळीसवर गेली. मुख्याध्यापक म्हणतात, लॅबचं नेटच काढून टाका. आणि शेवटच्या ओळीत मॅडम विचारतात, "या तंत्रज्ञानामुळे मुलांचं लक्षच उडालंय का, की मीच कुठे कमी पडतेय?"

मॅडम, मी बरीच वर्षं शाळेची संगणक लॅब सांभाळतोय, त्यामुळे तुमची ती यादी न बघताही मला दिसली. आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. नेट काढू नका. एकेक साइट शोधून ब्लॉक करणं मात्र आजच सोडा. त्या शर्यतीत शिक्षक कधीच जिंकत नाही, कारण समोर साठ डोकी आहेत आणि त्यांच्याकडे वेळच वेळ आहे. यादी उलटी करा: काय बंद ठेवायचं ते शोधत बसण्यापेक्षा काय चालू ठेवायचं ते ठरवा. हे एका दुपारचं काम आहे. उरलेली ताकद तासातल्या रिकाम्या मिनिटांवर लावा. माझ्या अनुभवात गेम तिथेच उघडतो.

काही गोष्टी तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. पीसीवर विंडोज आहे की उबुंटू लिनक्स, अ‍ॅडमिन पासवर्ड कोणाकडे आहे, नेट ब्रॉडबँडचं आहे की कोणाच्या तरी मोबाइलवर चाललंय, मुलांना फोन आणू देतात का. मुलांचं वयही महत्त्वाचं. पाचवीतला मुलगा भटकत भटकत गेमवर पोचतो, नववीतला पत्ता पाठ करून येतो. तुमची मुलं आठवी-नववीची आहेत असं धरूनच पुढचं लिहितो.

हा 'अनब्लॉक्ड' प्रकार मुळात अमेरिकेतल्या शाळांमधून आलेला आहे. तिथे २००० साली चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन अ‍ॅक्ट झाला. इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांना आणि ग्रंथालयांना फिल्टर बसवणं भाग पडलं. कायद्याचा रोख अश्लील चित्रांवर होता. पण फिल्टर बसवलाच आहे तर गेमही बंद करू, असं शाळांनी ठरवलं आणि त्या फिल्टरमधून निसटणाऱ्या साइट निघू लागल्या. नावापुढे ६६, ७६, ७७ असले आकडे लावलेल्या. आपली मुलं ती नावं यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये बघतात आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये टाकून पाहतात. आपल्याकडे तर अनेकदा फिल्टरच नसतो, त्यामुळे 'अनब्लॉक्ड' शोधायची तशी गरजही नसते. पण नावातच एक थरार आहे ना!

ब्लॉक करून भागत का नाही, हे एकदा समजून घ्या, म्हणजे स्वतःला दोष देणं थांबेल. पूर्वी असे गेम फ्लॅश नावाच्या, ब्राउझरला जोडाव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालायचे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढून घेतला तेव्हा बऱ्याच लॅबवाल्यांना वाटलं, सुटलो एकदाचे. पण तोवर गेम एचटीएमएल-५ वर, म्हणजे ब्राउझरला थेट कळणाऱ्या भाषेवर आले होते, आणि जुने फ्लॅश गेम चालवायला फ्लॅशची नक्कल करणारा रफल नावाचा एम्युलेटरही निघाला. आता गेम म्हणजे नुसतं एक वेबपान. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, पासवर्ड लागत नाही. असं पान कोणीही उठून गूगल साइट्सवर किंवा प्रोग्रॅमर वापरतात त्या गिटहब साइटच्या मोफत जागेवर चढवतो. तुमच्या राऊटरला त्यातलं फक्त ठिकाणाचं नाव दिसतं, की कोणीतरी गूगल साइट्सवर गेलंय. त्यापुढचा पत्ता, म्हणजे नेमकं कुठलं पान, एचटीटीपीएसच्या सांकेतिक आवरणामुळे झाकलेला असतो. मग ब्लॉक करायचं तर अख्खं गूगल साइट्स, नाहीतर काहीच नाही. आणि नेमक्या तिथेच विज्ञानाच्या सरांनी आपल्या नोट्स ठेवलेल्या असतात.

शिवाय या साइट शाळेसाठीच बनवलेल्या असल्यामुळे लपवाछपवीची सोय आधीच करून ठेवलेली असते. टॅबवर 'गूगल क्लासरूम' असं नाव आणि चिन्ह, ठरावीक बटण दाबलं की समोर भलतंच पान. म्हणून टॅबवर काय लिहिलंय ते बघू नका, हात बघा. क्लासरूम वाचणाऱ्या मुलाची बोटं बाणाच्या बटणांवर नाचत नसतात.

मला स्वतःला गेमपेक्षा त्याच्या भोवतीच्या जाहिराती जास्त खुपतात. यातले बरेच गेम दुसऱ्या कोणीतरी बनवलेले, उचलून आणलेले असतात आणि साइटची कमाई जाहिरातींवर. 'डाउनलोड'चं खोटं बटण, 'तुमचा पीसी धोक्यात आहे' असली भीती, जुगाराच्या अ‍ॅपची चित्रं. मुलगा गेम समजून त्यावर क्लिक करतो आणि पुढचे दोन तास तो पीसी बंद. मुलांना गेमबद्दल उपदेश केला तर ती माना डोलावतात आणि विसरतात. ही जाहिरातींची भानगड समोर उघडून दाखवली की ऐकतात, असं मला आढळलंय.

आता उलट्या यादीबद्दल. क्रोममध्ये शाळा-कार्यालयांसाठी 'पॉलिसी' नावाची सोय असते. एका नियमाने सगळं बंद करायचं आणि दुसऱ्या नियमाने मोजक्या साइट चालू ठेवायच्या. विंडोजवर हे ग्रुप पॉलिसी किंवा रजिस्ट्री या आतल्या सेटिंगमधून होतं, उबुंटूवर ठरलेल्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवून. एका पीसीवर जमलं की तेच बाकीच्यांवर उतरवायचं. लॅबच्या एएमसीवाल्याला, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्याला, "क्रोमची यूआरएल ब्लॉकलिस्ट आणि अलाउलिस्ट लावून दे" एवढं सांगितलं तरी पुरे. आठवी-नववीसाठी सुरुवातीला दीक्षा हे सरकारी शिक्षण-पोर्टल, बालभारतीची ई-पुस्तकं, भूमिती-आलेखांसाठी जिओजेब्रा, फेट, मराठी विकिपीडिया आणि मराठी विश्वकोश एवढं बास होतं. फेट म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठाची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन. त्यातली बरीच मराठीत आहेत. तुम्ही गणिताच्या आहात, अपूर्णांकांसाठी तर जरूर बघा. एखाद्या घटकाला आणखी काही लागलं तर आदल्या दिवशी यादीत घालायचं.

मुलं कुरकुर करणार. त्यासाठी मी लॅबच्या दाराशी एक वही ठेवतो: कुठली साइट हवी, कशासाठी, आणि खाली नाव-रोल नंबर. कारण पटलं तर पुढच्या तासाला साइट चालू. पहिल्या आठवड्यात वहीत चेष्टाच जास्त येते. नंतर मात्र बुद्धिबळाची एखादी साइट, रेल्वेचं वेळापत्रक, पक्ष्यांच्या आवाजांची साइट, अशी खरी मागणी यायला लागते. बुद्धिबळ द्यायचं का, यावर आमच्या शिक्षकांत अजून एकमत नाही. मी देतो.

यासोबत दोन गोष्टी करायलाच हव्यात. मुलांचं लॉगिन साधं असावं, अ‍ॅडमिनचं नको. आणि पीसीवर ज्याला नियम लावलाय तो सोडून दुसरा ब्राउझर नसावा, असलाच तर त्यालाही तेच नियम. विंडोजवर एज असतोच, तो विसरू नका. त्यात तर सर्फिंगचा गेम आयताच दिलेला आहे. क्रोममधला डायनासोर २०१४ पासून आहे आणि नेट गेलं की तो आपसूक उगवतो, म्हणजे मुख्याध्यापकांनी नेट काढलं तर त्याचीच सोय होणार. दोन्हीही पॉलिसीतून बंद करता येतात.

राऊटरवरच डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून भागवा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो वाईट नाही, अपुरा आहे. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा पत्ता अश्लील आणि धोकादायक साइट अडवतो, गेम अडवत नाही. ओपनडीएनएसच्या मोफत खात्यात गेमची कॅटेगरी निवडून बंद करता येते. दोन्हींपैकी एक जरूर लावा. पण पीसीला वाय-फाय असेल आणि एखाद्याच्या दप्तरातला फोन हॉटस्पॉट देत असेल, तर राऊटरवरचा कुठलाही नियम त्या पीसीपुरता संपला. ब्राउझरमधलं 'सुरक्षित डीएनएस' चालू असेल तरीही राऊटरला वळसा पडतो. पीसीवरचा नियम मात्र नेट कुठूनही आलं तरी लागू राहतो, म्हणून मी पहिला मान त्याला देतो.

इतकं करूनही फटी उरतात. पेनड्राइव्हवरून गेम येतो. आणि सगळ्यात गमतीची फट म्हणजे स्क्रॅच. एमआयटीने २००७ मध्ये मुलांसाठी काढलेली ही प्रोग्रॅमिंगची भाषा आपण अभिमानाने शिकवतो, आणि तिच्या साइटवर जगभरच्या मुलांनी बनवून ठेवलेले लाखो गेम असतात. मुलगा स्क्रॅचवरच असतो, तुम्ही समाधानाने पुढे जाता, आणि तो दुसऱ्याने बनवलेला गेम खेळत असतो. यावर उपाय सोपा आहे. स्क्रॅचचं ऑफलाइन अ‍ॅप टाका, साइट यादीतून काढा. नेटही लागत नाही.

इथपर्यंतचं एवढंच लक्षात ठेवा, की फिल्टरकडून गेम संपवण्याची अपेक्षा नाही. गेमपर्यंत पोचायला दहा सेकंदांऐवजी पाच मिनिटं लागली, तर साठातली पन्नास मुलं नाद सोडतात. उरलेल्या दहांशी तुम्हाला बोलावं लागेल. दहांशी बोलता येतं, साठांशी नाही.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येतो, लक्ष उडालंय का. पडदा समोर असला की लक्ष विचलित होतं, यात वाद नाही. २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत, ज्यात भारत नव्हता, ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटातल्या सहभागी देशांत सरासरी ६५ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना तरी डिजिटल उपकरणांमुळे आपलं लक्ष जातं. पण लॅब चालवणाऱ्याने लक्षात ठेवावा असा अभ्यास माझ्या मते वेगळाच आहे. २०१३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांना नंतरच्या परीक्षेत ११ टक्के कमी गुण पडले, हे अपेक्षितच होतं. पण जी मुलं स्वतः वही-पेन घेऊन नीट बसली होती, आणि फक्त समोरच्याचा उद्योग करणारा पडदा त्यांच्या नजरेत येत होता, त्यांचे गुण १७ टक्क्यांनी कमी झाले. खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याचं नुकसान जास्त.

हे वाचलं तेव्हा लॅबमध्ये रोज दिसणाऱ्या गोष्टीचा उलगडा झाला. एक मुलगा गाडी पळवत असतो आणि मागे चार माना वळलेल्या असतात. आपण ओरडतो पहिल्यावर. ते चौघं तर 'आम्ही काय केलं सर' म्हणायला मोकळे, आणि तासातलं त्यांचंही काही झालेलं नसतं.

म्हणून सॉफ्टवेअरवर पैसे घालण्याआधी टेबलं हलवा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये वर्गासारख्या रांगा असतात: मुलं फळ्याकडे तोंड करून, शिक्षक समोर. म्हणजे शिक्षकाला मॉनिटरच्या पाठी दिसतात आणि मागच्या मुलाला पुढच्याचा पडदा. नेमकं उलटं हवं. टेबलं तीन भिंतींना लावा, मॉनिटरची पाठ भिंतीकडे, मुलांची पाठ खोलीच्या मधल्या जागेकडे. तुम्ही मध्ये उभ्या राहिलात की एका नजरेत सगळे पडदे दिसतात. वायरिंगचं थोडं काम निघतं, पॉइंट भिंतीवर असतील तर तेही नाही. खोली अरुंद असेल तर जमेल तितकं करा. सगळ्यांत मागची रांग तरी भिंतीला फिरवा, कारण गेमचं ठाणं तिथेच असतं.

व्हेऑन नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. शिक्षकाच्या पीसीवर सगळ्यांचे पडदे छोट्या चौकोनांत दिसतात, हवे तेव्हा लॉक करता येतात. मी ते वापरतो, पण सूचना देताना सगळे पडदे एकदम थांबवायला आणि माझा पडदा सगळ्यांना दाखवायला. पाळत ठेवायला नाही. कारण एकदा चौकोन बघायची सवय लागली की शिक्षक खुर्चीतून उठतच नाही, आणि मग अडलेल्या मुलाला कोणी विचारत नाही. वापरणार असाल तर मुलांना आधी सांगून वापरा.

आता रिकामी मिनिटं. माझ्यासाठी सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. गेम तासात कधी उघडतो, ते एक आठवडा नुसतं बघा, काही बोलू नका, वेळ टिपून ठेवा. मला दिसलेलं असं. पहिली वेळ तासाच्या सुरुवातीची: पीसी चालू होतोय, निम्म्यांचं लॉगिन झालंय, निम्म्यांचं नाही, तुम्ही हजेरी घेताय. दुसरी, नेट हळू चालतंय आणि पान उघडायची वाट बघणं चाललंय. तिसरी, ज्याच्या हातात माऊस नाही त्याची. एका पीसीवर तिघं असले की एक काम करतो आणि दोघं त्याला 'ते उघड ना' म्हणून डिवचतात. चौथी, ज्याचं काम दहा मिनिटांत झालं त्याची. आणि पाचवी, ज्याला काम कळलंच नाही. ही पाचवी सगळ्यांत फसवी असते, कारण तो मुलगा विचारत नाही, गप्प बसतो आणि काहीतरी उघडतो. आपल्याला वाटतं, उनाड आहे.

यातल्या एकाही वेळेला गेम इतका मोहक होता म्हणून तास बुडाला, असं झालेलं नाही. तास आधीच थांबलेला होता.

मग एकेक वेळ बुजवायची. मुलं आत येण्याआधी पीसी चालू असावेत. शिपाईदादांना विनंती करा किंवा दोन मुलांची पाळी लावा. फळ्यावर पहिल्या पाच मिनिटांचं काम लिहिलेलं असावं, न विचारता सुरू करता येईल असं: एक परिच्छेद टाइप करा, कालच्या तक्त्यात एक ओळ वाढवा. हजेरी त्या वेळात. हळू नेटवर तर नेट लागणारं काम ठेवूच नका. किविक्स वापरून विकिपीडिया पीसीवरच उतरवून ठेवता येतो, मराठीसुद्धा. फेटची सिम्युलेशनही उतरवून ठेवता येतात. लॅबमधला तास नेटच्या वेगावर टांगता ठेवायचा नाही, हा माझा नियम आहे, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत त्याने बरंच वाचवलंय.

एका पीसीवर तिघं हा आपला कायमचा प्रश्न. पीसी वाढणार नाहीत, तेव्हा कामं वाटून द्या. एकाच्या हातात माऊस आणि कीबोर्ड, दुसरा काय करायचं ते तोंडी सांगणार, तिसरा वहीत नोंद करणार. माऊसवाल्याने दुसऱ्याने सांगितल्याशिवाय काही करायचं नाही. दहा मिनिटांनी घंटी, जागा बदल. मोठमोठ्या कंपन्यांतले प्रोग्रॅमरही जोडीने असं काम करतात, हे मुलांना सांगितलं की त्यांना त्यात प्रतिष्ठा वाटते. गणिताच्या तासाला तर हे उत्तम जमतं, कारण दुसऱ्याला पायरी बोलून दाखवावी लागते. मोठा तोटा म्हणजे गोंगाट. मुख्याध्यापकांना आधी कल्पना देऊन ठेवा.

लवकर संपवणाऱ्यांसाठी काम तयार हवं, आणि ते शिक्षा वाटेल असं नको. मी गेम बनवायला देतो. खेळायचा नाही, बनवायचा. स्क्रॅचमध्ये 'क्लिक केलं की आकडा वाढतो' एवढासाच गेम घेतला तरी त्यात चल येतो, अट येते, पुनरावृत्ती येते. मग प्रश्न विचारायचा: दर क्लिकला आकडा दुप्पट झाला तर दहा लाखांवर जायला किती क्लिक लागतील? एकपासून सुरू केलं तर विसाव्या क्लिकला १०,४८,५७६ येतो. हे फळ्यावर सांगून जे समजत नाही ते तिथे पोरं स्वतः तपासून बघतात आणि एकमेकांना दाखवत फिरतात. एक इशारा मात्र देतो. पहिल्या दोन तासांत ती फक्त स्क्रॅचमधल्या मांजराचा रंग बदलत बसतात. पात्रं आणि पार्श्वभूमी तुम्हीच तयार करून दिलीत तर तो वेळ वाचतो.

तरीही कोणी गेम खेळताना सापडलाच तर? मी वर्गासमोर तमाशा करत नाही, कारण त्याने ज्या चार माना वळल्या नव्हत्या त्याही वळतात. जवळ जायचं, टॅब त्यालाच बंद करायला सांगायचं, आणि "काम कुठपर्यंत आलं?" एवढंच विचारायचं. उत्तरावरून कळतं, चौथ्या प्रकारातला आहे की पाचव्या. दुसऱ्यांदा सापडला तर त्या तासापुरता नोंद करणारा, माऊस नाही. लॅबमधून बाहेर काढणं मी टाळतो. ज्याच्या घरी पीसी नाही त्याच्यासाठी आठवड्यातला तो एक तासच असतो, आणि आपल्या शाळांत अशीच मुलं जास्त आहेत. मुख्याध्यापकांना नेट काढण्याबद्दल बोलताना हाच मुद्दा पुढे करा. नेट काढल्याने ज्याच्या खिशात फोन आहे त्याचं काही बिघडत नाही.

फोनबंदीबद्दलही तुम्हाला कोणी विचारेल, म्हणून थोडं. इंग्लंडमधल्या ९१ शाळांच्या निकालांवर २०१५ मध्ये आलेल्या अभ्यासात फोनबंदीनंतर गुण सुधारलेले दिसले, आणि फायदा मुख्यतः मागे पडलेल्या मुलांना झाला. स्वीडनमध्ये २०२० साली तसाच अभ्यास झाला तेव्हा काही फरक आढळला नाही. माझं मत विचाराल तर तासाला फोन दप्तरातही नको, कार्यालयात जमा असावा. पण फोन काढून घेतला म्हणजे लक्ष आपोआप येऊन बसेल, अशी आशा ठेवू नका.

घरचा भागही आहेच. पालकसभेत "मुलं ऐकत नाहीत" हे वाक्य ज्या हातात फोन धरून म्हटलं जातं, ते तुम्ही पाहिलं असेल. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मला त्यातलं आवडलं ते हे की बंद मोठ्यांनाही लागू होतं. शाळेतून गावाला असं काही सुचवता आलं तर बघा. ग्रामसेवकांशी बोलायला काही जात नाही.

एक वेगळं प्रकरण यातून बाजूला ठेवा. लॅबमध्ये दहा मिनिटं गेम खेळणाऱ्या मुलाला 'व्यसन लागलंय' म्हणू नका. गेमिंग डिसऑर्डरचं निदान करताना जागतिक आरोग्य संघटना सहसा वर्षभराचा काळ बघते, आणि अभ्यास, घरचे संबंध अशा महत्त्वाच्या गोष्टींवर ठळक परिणाम झालेला असावा लागतो. एखादा मुलगा रात्र-रात्र जागून खेळतोय, तासाला झोपतोय, पैसे हरल्याची भाषा करतोय, असं दिसलं तर पालकांना बोलावून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यायला सांगा. तो विषय फिल्टरचा नाही.

आणि तुम्ही कमी पडताय का, तर नाही. विषय तुमचा नाही, मशिनं जुनी, तुकडी साठची, आणि तरी तुम्ही चाळीस साइटची यादी केलीत. ती यादी ठेवा, मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते त्यावरून कळतं.

मुख्याध्यापकांकडून एवढीच परवानगी मागा: एक शनिवार दुपार, एएमसीवाला, आणि टेबलं हलवायला चार मोठी मुलं. नेट काढायचं की नाही ते सत्राच्या शेवटी ठरवू, म्हणा. त्या दुपारी सगळ्यात आधी राऊटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. बहुतेक शाळांत तो अजून राऊटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो तोच असतो, आणि नववीतल्या मुलांनी तो स्टिकर केव्हाच वाचलेला असतो.